चढावावर पाय उचलला

॥ श्री महाकाली प्रसन्न ॥
ऊर्जानगर, ४ नोव्हेंबर २०२४

सौ. धुरपताबाई हिला रंभावहिनीचा आशीर्वाद.

पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकते आहे. तुमच्या घरचा फोन जावईबापूंच्या खिशात असतो, आणि मला जे सांगायचं आहे ते त्यांच्या कानावर इतक्यात जायला नको. कागद पाठकोरा आहे, त्याचा राग धरू नको. माझ्या भावाच्या, दिनेशच्या पोरीच्या जुन्या उत्तरपत्रिका आहेत, मागची बाजू वाया का घालवायची?

मी मोठी गाडी शिकते आहे. ट्रक. हलक्या गाडीचं लायसन काढून वर्ष झालं, तेवढं थांबावंच लागतं. दिनेशच्या क्वार्टरपासून सायकलीने अर्ध्या तासावर संघपाल सरांची ड्रायव्हिंग शाळा आहे, तिथे जाते. कुरखेड्याच्या आपल्या महिला संघाला धान उचलायला ट्रक मिळणार, आणि चालक बाईच पाहिजे असा ठराव झाला आहे. संघाच्या वह्या मीच लिहीत होते, दहावी पास आहे, म्हणून माझं नाव निघालं. कोणी विचारलं तर हेच सांग.

तुला खरं सांगते. दोन वर्षांपूर्वी तुझ्या भावाच्या तेरवीला भैयाजी जेवायला आले होते. अकरा वर्षं ज्याने त्यांचा ट्रक चालवला त्याच्या तेरवीला. मी भिंतीच्या आड बसले होते. वरणात हात घालून ते चार लोकांना म्हणाले, "पत्रू मानूस चांगला, पन गाडी चढावर धरता नाई आली त्याले. हँडब्रेक ओढाचाच विसरला." लोकांनी माना हलवल्या आणि अजून भात मागितला. पोलिसांच्या कागदावरही तेच उतरलं: चालकाचा निष्काळजीपणा. मिलच्या गोदामासमोर चढावर गाडी उभी करून तुझा भाऊ मागचा फाळका उघडायला उतरला, गाडी मागे आली, आणि तो भिंत आणि गाडी यांच्यामध्ये राहिला. ही त्याची चूक ठरली.

आणि ठरवली कोणी? क्लीनरच्या जबाबाने. क्लीनर कोण, तर आपले जावईबापू. महिन्याभरात त्याच गाडीचं स्टिअरिंग त्यांच्या हातात आलं. जावयाच्या पायावर पाणी घालायचं माझं काम, तोंड उघडायचं नाही.

काल महाकालीच्या पायरीवर बसून मागितलं. पास कर असं नाही मागितलं. म्हटलं, आई, भैयाजीचे शब्द त्याच्याच घशात परत घालायची ताकद दे.

एक विचारते, खरं लिही. गाडी मागे आली त्या वेळी जावईबापू कुठे होते?

तुझी,
रंभावहिनी


गाव, ता. कुरखेडा
२० नोव्हेंबर

वयनीले धुरपताचा नमस्कार.

तुमचं पत्र अंगणवाडीतल्या ताईनं माझ्या हाती देलं आनि इचारते, "काऊन वो, कोर्टाचं आहे काय?" मी म्हटलं, भाचीच्या लग्नाचं आहे. आता लग्न कधी हाय म्हनून रोज इचारून राह्यली. माया माथ्यावर एक लग्न बसवलं तुमी.

वयनी, तुमाले येड लागलं काय? लुगडं नेसून टरक चालवसान? उद्या पदर गिअरमंधी अडकला म्हंजे? इथी समद्याईले समजलं आहे, संघातल्या बायाच सांगत फिरतेत. भैयाजी पानठेल्यावर म्हने, "पत्रूले जे नाई जमलं ते पत्रूची बायको करन काय?" लोकं हासले. आमचे हे पन हासले. मी दारात उभी होती, पाह्यलं.

तुमी इचारलं हे कुठी होते. गोदामात होते, पोत्याईचं माप पाहून राह्यले होते. आवाज आयकून धावले. बस, एवढंच आहे.

वयनी, माया भाऊ गेला. मले का कमी दुख आहे? पन त्याच गाडीवर आता आमच्या घरची चूल पेटते. दोन लेकरं आहेत. तुमी भैयाजीच्या आंगावर जासान तं पयले आमीच चाकाखाली येऊ. देवाधर्माच्या बाई तुमी, सोडून द्या.

तुमची,
धुरपता


ऊर्जानगर, १२ डिसेंबर

प्रिय धुरपता,

लुगड्याची काळजी करू नको. सलवार घालते, वरून दिनेशचा जुना शर्ट. सीट एवढी मागे आहे की पाठीला वाकळ घडी करून लावावी लागते, तेव्हा कुठे क्लच पूर्ण दबतो. सोबत चौदा पोरं आहेत. पहिल्या दिवशी एक म्हणाला, "मावशी, पोळपाट नाई हे, स्टेरिंग होय." मी म्हटलं, "बाबू, पोळी गोल होत नाही तोवर घरात कोणी सोडत नाही. तुझा आठचा आकडा काल मोडला ना?" आता तो मला पाणी आणून देतो.

आरशात पाहून मागे घ्यायला तीन आठवडे लागले. संघपाल सर म्हणतात की पंधरा वर्षं गाडी चालवलेले लोक परीक्षेत मागे घेताना नापास होतात, कारण त्यांना क्लीनरने गाडीच्या अंगावर थाप मारल्याशिवाय समजत नाही. मला थाप मारणारं कोणी नव्हतंच, म्हणून मी शिकले.

आता मुद्द्याचं. सोमवारी चढाव शिकवला. निम्म्या चढावर थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, ब्रेकवरचा पाय काढायचा. सरांनी सांगितलं, "काढा पाय, ताई." माझा निघेना. डोळे मिटले आणि काढला. धुरपता, गाडी जागची हलली नाही. एवढा मोठा ट्रक, बांधलेल्या बैलासारखा उभा. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. पोरांना वाटलं घाबरली.

तुझा भाऊ घरी सांगायचा, आमच्या गाडीला हँडब्रेक नावालाच आहे, गुटका लावावा लागते. लाकडाचा तो ठोकळा, मागच्या चाकाखाली घालायचा. अकरा वर्षांत मी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. मला वाटायचं सगळ्या ट्रकांचं असंच असतं. सोमवारी कळलं की नसतं.

म्हणजे तुझ्या भावाने हँडब्रेक ओढला का नाही याने काही फरकच पडत नव्हता. गुटका लावला का, एवढाच प्रश्न होता. आणि गुटका चालक लावत नाही, क्लीनर लावतो.

जावईबापू माप पाहत होते म्हणतेस. मिलच्या मापाची वही त्या वर्षी तपासायला संघाकडे आली होती, मीच पाहिली होती. त्या दिवशी माप झालेलंच नाही. पुन्हा एकदा विचारते, ते कुठे होते?

रंभावहिनी


ऊर्जानगर, ९ जानेवारी २०२५

धुरपता,

महिना झाला, उत्तर नाही. बोलायचं नसेल तर तसं लिही, पोस्टमनची वाट पाहण्यात माझे मंगळवार जातात.

२८ तारखेला माझी परीक्षा आहे. शाळेच्या ट्रकचं इंजिन उघडून ठेवलं आहे, म्हणून सर कोणाचा तरी भाड्याने घेणार आहेत. तांदूळ उतरवून परत जाणाऱ्या रिकाम्या गाड्या मिळतात म्हणे.

तू कोणाची बहीण आहेस, एवढंच आठव.

रंभावहिनी


गाव, ता. कुरखेडा
१७ जानेवारी

वयनी,

हे पत्र वाचून जाळजा. नाई तं नका जाळू, आता मले काहीच फरक पडत नाई.

हे माप पाहून नोयते राह्यले. रस्त्यापलीकडं पानठेल्यावर होते. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेऊन राह्यले होते. दादानं आवाज देला, "लच्छू, गुटका लाव." हे म्हने, "लावतो, लावतो," आनि तिथीच उभे. दादाले वाटलं लावला. तो फाळका खोलाले मांगं गेला. हाताले चुना लागला असल्यानं यायनं गुटका उचललाच नाई. मले त्याच राती सांगतलं, रडून रडून सांगतलं. मंग दुसऱ्या दिवशी भैयाजी घरी आला. म्हने, "लच्छू, तू गुटक्याचं बोलला तं तू फसशीन, मीही फसन. पत्रू तं गेलाच. हँडब्रेक चांगला होता म्हन." आनि मले म्हने, "बाई, गाडी तुमच्याच घरी राहीन."

मी चूप राह्यली. दोन वर्स. लेकराईसाठी म्हनून. तुमी इचारलं तवा खोटं लिवलं. तेराव्याले तुमी भिंतीआड होत्या, मी भात वाढून राह्यली होती. भैयाजीले अजून भात मीच वाढला होता, वयनी.

आता आयका. भैयाजीच्या तीन गाड्या. तिन्हीत मिळून हँडब्रेकचा चांगला डबा, चाक धरून ठेवते तो, एकच आहे. ज्या गाडीची सरकारी तपासनी असंल तिले तो बसवतेत, पास झाली का काढून ठेवतेत. बसवते कोन? आमचे हे.

तुमच्या संघपाल सराईचा फोन आला होता. २८ ले तेच गाडी येऊन राह्यली, दादाची. हे आनतीन. काल मी इचारलं, डबा बसवून नेता काय? तं म्हने, "पोराईची परीक्षा होय, गाडीची नोये. कायले?" तुमी त्या परीक्षेत आहा, हे त्याले माहीत नाई. मी सांगतलं नाई.

तुमाले पास व्हाचं असंल तं चढावर ब्रेकवरचा पाय काढजाच नका. तसाच धरून ठेवजा, मंग क्लच सोडून वर घेजा. पुढचं तुमचं तुमाले समजते.

धुरपता


॥ श्री महाकाली प्रसन्न ॥
ऊर्जानगर, २९ जानेवारी

प्रिय धुरपता,

नापास झाले.

सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे तुला दुसऱ्या कोणाकडून ऐकावं लागणार नाही.

सकाळी उपास धरूनच गेले. गाडी उभी होती. दाराच्या आत तुझ्या भावाने चिकटवलेलं गजानन महाराजांचं चित्र अजून तसंच आहे, फक्त कोपरा फाटला आहे. जावईबापू खाली उभे होते. मला पाहिलं आणि त्यांच्या तोंडातला खर्रा थांबला. "वयनी, तुमी?" मी पदर नव्हता तरी डोक्याकडे हात नेला, वाकून नमस्कार केला. म्हटलं, "जावईबापू, गाडी चांगली आहे ना?" म्हणाले, "हो, हो, एकदम."

माझा नंबर सहावा. सरांनी आधीच हँडब्रेक ओढून पाहिला होता, म्हणून आधीच्या पाचांना कानात सांगितलं होतं, "पाय ब्रेकवरच राहू द्या, साहेब पायाकडे पाहत नाहीत." पाचही जण चढाव पास झाले. मलाही तेच सांगितलं. मी मान हलवली. मग म्हटलं, "सर, मी नवी आहे, मागची पोरं बाजूला करा." सगळे बाजूला झाले. आरशात दोनदा पाहिलं. चढाच्या पायथ्याशी वाळूची पोती, मागे कोणी नाही.

शेजारी आरटीओचे साहेब वही घेऊन बसलेले. आठ झाला, मागे घेणं झालं, एकही खांब पडला नाही. साहेब म्हणाले, "छान. चढावर घ्या." निम्म्यावर थांबले. "हँडब्रेक ओढा." ओढला. "पाय काढा."

धुरपता, पास होणं माझ्या पायाच्या अंगठ्याखाली होतं. संघाच्या बाया तिकडे वाट पाहत होत्या. मी म्हटलं, "साहेब, पूर्ण काढू?" ते म्हणाले, "हो, पूर्ण." मी पूर्ण उचलला.

गाडी मागे निघाली. साहेबांनी डॅशबोर्ड धरला. आणि आरशात काय दिसलं असेल? जावईबापू गुटका घेऊन धावत आले आणि मागच्या चाकापाशी वाकले. कोणी बोलावलं नव्हतं. हात आपोआप गेला त्यांचा. दोन वर्षांपूर्वी जो गेला नाही तो.

ते वाकलेले, गाडी त्यांच्याकडे सरकते आहे, आणि माझा पाय हवेत. एक क्षण मी तो तसाच ठेवला. हे मी देवीलाही सांगितलेलं नाही, तुला सांगते, कारण तो तुझा नवरा आहे. मग ब्रेक दाबला. तुझं कुंकू आठवलं म्हणून दाबला असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. खरं असं की मेलेल्या माणसाला जबाब देता येत नाही.

साहेब खाली उतरले. गुटक्याकडे पाहिलं. "हा कशाला आणला?"

जावईबापू म्हणाले, "लावाच लागते, साहेब."

"का?"

"सवय आहे."

"कधीपासूनची?"

आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पत्रूभाऊच्या बारीपासूनची, साहेब. हँडब्रेक लागतच नाई हिचा."

चौदा पोरं, संघपाल सर आणि साहेब, सगळ्यांनी ऐकलं. बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली नाही.

साहेब मला म्हणाले, "बाई, गाडीचा दोष आहे, पण गाडी मागे घसरली, मला नापासच लिहावं लागेल. सात दिवसांनी पुन्हा या." मी म्हटलं, "लिहा साहेब. फक्त कारण पूर्ण लिहा." त्यांनी लिहिलं: हँडब्रेक निकामी असल्याने वाहन मागे आले, चालकाचा दोष नाही. शिक्का मारला. गाडी तिथेच अडकवली.

चालकाचा दोष नाही. मी तो कागद घडी न करता दिनेशच्या घरी आणला. देवासमोर ठेवला आहे. चालक वेगळा होता, असू दे. गाडी तीच होती.

उद्या हा कागद आणि त्या पोरांची नावं घेऊन पोलिसात जाते आहे.

रंभावहिनी


गाव, ता. कुरखेडा
८ फेब्रुवारी

वयनी,

तो क्षन मीही मोजला. राग आला तुमचा. मंग इचार केला, मी असती तं दाबला असता काय?

गाडी तिथीच अटकली, बाकीच्या दोन्ही गाड्या पन तपासाले नेल्या. डबा एक आनि गाड्या तीन, आता बसवा कुठी कुठी! भैयाजीनं यायले दारातूनच हाकललं. पोलिसाईनं नव्यानं जबाब घेतला. डबा काढला कवापासून, बसवला कोनाच्या सांगन्यावरून, गुटका कोन लावत होता, समदं इचारलं. यायनं समदं सांगतलं. खर्र्याचंही. सई केली. भैयाजीले दोनदा ठान्यात बलावलं आहे. पानठेल्यावर आता बसत नाई तो. एक दिवस फटफटीवर घरासमोरून गेला, मी आंगन झाडून राह्यली होती, मले म्हने, "तुमच्या वयनीनं फसवलं." मी म्हटलं, "भैयाजी, गाडी चढावर धरता नाई आली तिले." फटफटी बंद पडली त्याची, इतका हडबडला.

मी यायच्यासंगं भांडली नाई. दादाचा फोटू काढला आनि यायच्या ताटासमोर भितीले लावला, बस. दोनी टाइम जेवाले बसते तं तो समोर. अर्धी भाकर खाते, उठते. मी म्हनतो, "अजून भात घेता काय?"

पन वयनी, घरी बसला आहे मानूस. कोनी गाडीवर घेत नाई. आता पुरे नाई काय?

तुमी परीक्षा कधी देता?

धुरपता


ऊर्जानगर, १८ फेब्रुवारी

प्रिय धुरपता,

११ तारखेला पास झाले. गाडी दुसरी होती, हँडब्रेक धडधाकट. तेच साहेब होते. चढावर पाय काढायला सांगितलं आणि स्वतः खिडकीची दांडी धरून बसले. मला हसू आलं. गाडी उभी राहिली, मी वर घेतली. "पास," म्हणाले, "आता तरी मला खाली उतरू द्या." पेढे वाटले नाहीत, महाकालीला नारळ फोडला आणि त्याचंच खोबरं पोरांना दिलं.

पोलिसांनी पुरवणी जबाब जोडला आहे. जुनं वाक्य अजून खोडलेलं नाही, वर पाठवलं आहे म्हणतात. मी दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारणार. ते कंटाळतील, मी नाही.

पुरे नाही का, विचारतेस. भैयाजीचं कोर्ट पाहील. जावईबापूंचं मी पाहते. दोन वर्षं मी त्यांना पाट मांडला, पाणी दिलं, दिवाळीला धोतरजोडी दिली, आणि ते माझ्या नवऱ्याच्या सीटवर बसून आले आणि जेवून गेले. एका सहीने ते फिटत नाही.

१ मार्चपासून संघाची गाडी सुरू होते. नवी आहे. मला क्लीनर पाहिजे. संघाने निवड माझ्यावर सोडली आहे. त्यांना सांग, काम आहे. फाळका उघडायचा, दोर बांधायचा, काच पुसायची, मी सांगेन तिथे उतरायचं, मी सांगेन तेव्हा चढायचं. गाडीत खर्रा चालणार नाही. त्यांच्या भरवशावर मी गाडी कधीच उभी करणार नाही, हेही सांग. लेकरांचा घास मी तोडणार नाही. पण तो माझ्या डाव्या बाजूला बसून मिळवावा लागेल.

रंभावहिनी


गाव, ता. कुरखेडा
२३ फेब्रुवारी

वयनी,

तुमचा निरोप यायले सांगतला, तीन दिवस गेले. मंग म्हने, जातो.

एकच म्हनते. म्हने, समदं काम करतो, जसं म्हनतीन तसं. पन गावात, लोकाईसमोर, त्यायनं मले जावईबापू म्हनू नये. लच्छू म्हना, क्लीनर म्हना, शिवी द्या. जावई म्हनून हाक मारून फाळका खोलाले लावसान तं जीव जाते, म्हने.

तुमाले कळवतो म्हटलं.

धुरपता


(पोस्टकार्ड)
ऊर्जानगर, २६ फेब्रुवारी

धुरपता,

पत्र मिळालं. १ तारखेला सकाळी सातला गाडी घेऊन येते, त्यांना तयार ठेव.

पहिली खेप भैयाजीच्या दारावरूनच आहे. तिथे गाडी थांबवीन, काच खाली करीन, आणि मोठ्याने, अगदी मानाने म्हणेन, "जावईबापू, उतरा."

रंभावहिनी